नव्या विहिरींचं तेल

जुळे सोलापूर, १८ नोव्हेंबर २०२४

सुबोध,

चिरंजीव, अनेक उत्तम आशीर्वाद वगैरे लिहायला बसले होते, पण राग अजून तेवढा गेलेला नाही. म्हणून नुसतंच सुबोध.

तू परत पाठवलेले ड्रम आज चिंचोळीला आपल्या कारखान्याच्या गेटवर उतरले. प्रत्येकाच्या झाकणावर खडूने 'नको' लिहिलंय. अक्षर तुझंच. ड्रम परत आले, आईने त्यांच्याबरोबर दिलेला शेंगाचटणीचा डबा मात्र आला नाही. म्हणजे बहिणीचं औषध नको, आईची चटणी चालते. बरं आहे.

माझा नंबर तू बंद करून टाकला आहेस. आईच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकल्याबरोबर तुझ्या वाळवंटातली रेंज जाते. त्यामुळे हे पत्र ड्रमच्या कागदांच्या पाकिटात घालतेय. तुमच्या पंपिंग स्टेशनात कुठलाही माल आला की ते पाकीट तुला स्वतः उघडावं लागतं, हे मला माहीत आहे. फाडून टाकायच्या आधी निदान दोन ओळी नजरेखालून जातील.

तुला मी शिकवावं असं काही नाही. पण माझा अहवाल तू न वाचता बाजूला टाकलास असं तुमच्या स्टोअरच्या माणसाने सांगितलं, म्हणून पहिल्यापासून लिहिते. तुमच्या पाइपलाइनमधल्या कच्च्या तेलात मेण आहे. जमिनीतून वर येतं तेव्हा तेल गरम असतं, पातळ असतं, पाइपातून पळतं. गार होत गेलं की त्यातल्या मेणाचे बारीक कण धरतात, एकमेकांना चिकटतात, आणि थंडीत खोबरेल तेलाची बाटली जशी घट्ट होते तसं अख्खं तेल जागच्या जागी बसतं. बाबांनी तीसेक वर्षांपूर्वी जे रसायन बनवलं, ज्याला कागदोपत्री काही का नाव असेना, आपल्या घरात नुसतं 'औषध' म्हणतात, ते गरम तेलात मिसळलं की मेणाचे कण एकमेकांना धरत नाहीत. मेण तेवढंच असतं, पण सुटं राहतं आणि तेल वाहतं. एकदा तेल गोठल्यावर मात्र वरून पिंपं ओतली तरी उपयोग नाही. हे सगळं तुला लहानपणापासून पाठ आहे.

नवीन एवढंच आहे की या उन्हाळ्यापासून तुमच्या लाइनमध्ये नव्या विहिरींचं तेल येतंय. त्यातलं मेण वेगळ्या जातीचं आहे. बाबांचं औषध त्याला लागू पडत नाही. मी तपासलंय. तपासायला ते तेल कुठून मिळालं, हे विचारू नकोस. नवं औषध मी तयार केलंय, ते लागू पडतं, आणि तेच तू 'नको' लिहून परत पाठवतो आहेस.

तू म्हणशील, लाइन तर मजेत चाललीय. चालणारच. वाटेवरचे हीटर चालू आहेत, तेल पळतंय, तोवर त्यात औषध घातलं काय आणि ताक घातलं काय. औषधाची परीक्षा लाइन थांबली की होते. जानेवारीत तुमच्याकडे पहाटे नळाचं पाणी गोठायला येतं. अशा थंडीत वीज गेली, पंप बंद पडले आणि तेल पाइपात उभं राहिलं, तर ते पुन्हा हलणार नाही. आणि तू हट्टी आहेस. तू दाब वाढवत जाशील, पाइपाला सोसेल त्याच्या पुढे जाशील, आणि स्वतः त्या पाइपाशेजारी जाऊन उभा राहशील, कारण माणसांना पुढे करून मागे थांबणं तुला जमत नाही. मला रोज डोळ्यांपुढे दिसतं ते एवढंच.

आता तिऱ्ह्याच्या घाटावरचं बोलते, कारण खरं भांडण ते आहे. बाबांच्या दहाव्याला सीनेच्या काठी आपण सगळे ढगाळ उकाड्यात ताटकळत उभे होतो. पिंड मांडलेला, समोरच्या बाभळीवर कावळ्यांची सभा भरलेली, आणि शिवायला एकही खाली येईना. सगळे बाबांची राहिलेली इच्छा शोधायला लागले. काका म्हणाले, "दादा, वहिनींना अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. मग म्हणाले, "इंद्रायणीचं लग्न लावून देतो." तर होते त्यातले दोन उडून गेले. एरवी मी पोट धरून हसले असते. गुरुजी घड्याळ बघत दर्भाचा कावळा करायला लागले, तेवढ्यात तू ओल्या धोतराने पुढे झालास आणि मोठ्यांदा म्हणालास, "बाबा, मी लाइनवर आहे तोवर तुमचंच औषध जाईल. त्यात थेंबाचाही बदल होऊ देणार नाही." आणि कावळा उतरला. सगळ्यांनी हात जोडले. आपला कारखान्यातला गुरप्पा तर लहान मुलासारखा रडला.

त्या शब्दाला तू धरून बसला आहेस. मला ते कळतं, आणि खरं सांगायचं तर तुझा अभिमानही वाटतो. पण शब्द दिलास तो गेलेल्या माणसाला, आणि त्यापायी जाईल तो तुझा जीव. हेच ड्रम परत पाठवतेय. उतरवून घे.

तुझी ताई

ता.क. आईला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं आपलं भांडण बाबांच्या स्कूटरवरून आहे. तसंच वाटू दे.


चिंचोळी, लॅबमधून, ४ डिसेंबर

सुबोध,

ड्रम परत. या वेळी खडूचेही कष्ट घेतले नाहीस.

मालकांशी बोलले. श्रीशैलअण्णांचं म्हणणं, गिऱ्हाईक जुनंच औषध मागतंय, तक्रार काही नाही, मग आपण कशाला उकरून काढायचं? त्यांचंही बरोबरच आहे. आपल्याकडे माल पास करायला ठेवलेलं नमुन्याचं तेल अजून जुन्या विहिरींचं आहे. त्याच्यावर बाबांचं औषध झकास उतरतं, प्रमाणपत्र निघतं, ट्रक सुटतो. कुणी खोटं बोलत नाही आणि तरी सगळं खोटं आहे.

इकडचं सांगते. आई रोज संध्याकाळी बाबांच्या खोलीतला पंखा एकवर लावते. त्यांना उकडतं म्हणते. डिसेंबर आहे. पहिल्यांदा मी बंद केला तर तिने उठून पुन्हा लावला. आता मी त्या खोलीवरून जाताना दार ओढून घेते, म्हणजे पडदा हललेला दिसत नाही.

आणि इथे गुरप्पा. ड्रम गरम करायची खोली अजून त्याच्याकडेच आहे. थंडीत औषधच ड्रमच्या तळाशी घट्ट होऊन बसतं, म्हणून भरायच्या आधी ते उबेला ठेवावं लागतं, हे काम त्याच्याइतकं मन लावून कुणी करत नाही. पण माझ्या औषधाचे ड्रम तो उबेला घेईना. दारात उभा राहिला.

"ताई, सायबांचं औषध बदलायला निघालाव व्हय तुमी?"

"बदलायला हवं गुरप्पा. नव्या तेलाला ते चालत नाही."

"सुबोधदादांनी सबूद दिलाय की. कावळा शिवला तवा मी बी हुतो तितं. आन् तुमास्नी म्हणून सांगतो, सायब अजून हितंच हायती. परवा भट्टीच्या मागं खोकल्यालं ऐकलं मी. त्यांचाच खोकला, दुसऱ्याचा न्हाय."

मी त्याला रागावले. काहीतरी बोलतोस, माणसं घाबरतील, म्हटलं. त्याने मान खाली घालून ड्रम आत घेतले. रागावले ते यासाठी की तो खोकला मी त्याच्याआधीपासून ऐकतेय.

हसायचं असेल तर हस. काल दुपारची गोष्ट. नव्या विहिरींचं तेल काचेच्या दोन नळ्यांत घेतलं, एकीत बाबांचं औषध, एकीत माझं, आणि गार पाण्याच्या हौदात उभ्या केल्या. तुला आठवत असेल, सुट्टीत आपण लॅबमध्ये यायचो तेव्हा बाबा नळीपाशी बोलूसुद्धा द्यायचे नाहीत. धक्का लागला की मेणाचं धरलेलं जाळं मोडतं आणि तेल उगाच चांगलं असल्यासारखं वाहतं. आणि तपासायच्या आधी तेल सणसणीत तापवून घ्यायचे. म्हणायचे, तेलाला आठवण असते; ते आधी कुठे गार पडलं, कुठे अर्धवट ऊन झालं, ते सगळं त्याच्यात राहतं, म्हणून आधी तापवून आठवण पुसायची आणि मग त्याला प्रश्न विचारायचा. मी तसंच केलं होतं. थोडं थोडं गार करत नळ्या काढायच्या, आडव्या धरायच्या, बघायचं, पुन्हा हौदात. लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं. एकदा नळी काढताना मागून निलगिरीच्या तेलाचा वास आला. तोच, बाबांच्या रुमालाचा. मग खोकला, घसा साफ केल्यासारखा. मी नळी आडवी केली. माझ्या औषधाचं तेल हळूच काचेवर सरकलं. दुसरी आडवी केली, बाबांची. हललं नाही. उलटी केली, तोंड खाली. तरी नाही. दगड. तेव्हा माझ्या खांद्यामागे कुणीतरी श्वास सोडला, रे. दमून सोडावा तसा.

मी मागे वळून पाहिलं नाही. एम.एस्सी.ला पहिली आलेली बाई मी, घरात पाली झाडूने हाकलते, आणि मी वळून पाहिलं नाही. हौदाचं झाकण लावलं, पर्स उचलली आणि सरळ रस्त्यावर येऊन रिक्षाची वाट बघत उभी राहिले. बाबांची मला कसली भीती? ते काय सांगायला येतात ते मला माहीत आहे, म्हणून घाबरते.

ड्रम घे, सुबोध. थंडी वाढतेय.

तुझी ताई


जुळे सोलापूर, १७ डिसेंबर

सुबोध,

तुझ्याकडून पहिल्यांदा काहीतरी आलं. चटणीचा डबा, घासून पुसून, आणि आत तिकडच्या सांगरीच्या वाळवलेल्या शेंगा. रिकामा डबा परत करायचा नाही हे तू विसरला नाहीस. आईने ती सांगरी कशी करतात हे मोबाइलवर पाहून भाजी केली, कडक भाकरीबरोबर खाल्ली आणि 'चिंचेच्या काड्या आहेत' असा निकाल देऊन उरलेली जपून ठेवली. डब्यात तळाशी चिठ्ठी असेल म्हणून तिने सांगरी दोनदा चिवडून पाहिली होती. मी पण पाहिली.

डब्याबरोबर माझे ड्रमही परत आले आहेत. तिसऱ्यांदा.

मी तुमच्या मुख्य कार्यालयाला पत्र तयार केलंय. नव्या तेलावरचे आकडे, नळ्यांचे फोटो, सगळं आहे. ते गेलं की तुला वरून आदेश येईल आणि ड्रम घ्यावेच लागतील. पण मग लोक म्हणतील, स्टेशन याच्या हातात होतं, बापाचं औषध म्हणून हा डोळे मिटून घालत राहिला, शेवटी बहिणीने वर तक्रार केली. ते पत्र मी रोज उघडते आणि रोज बंद करते. तू आपणहून घेतलंस तर कुणाला काही कळायचं कारण नाही.

मला माहीत आहे, तू म्हणशील बाबांनी स्वतः सांगितलं होतं. तेवढं सोडून बोल.

ताई


जुळे सोलापूर, २९ डिसेंबर

सुबोध,

या वेळी ड्रम नाहीत. हे नुसतंच कुरियरने येतंय, त्यामुळे न उघडता ठेवून देता येईल तुला. ठेवू नकोस.

बाबांना माहीत होतं.

मार्चमध्ये तू नव्या विहिरींच्या तेलाचा कॅन त्यांच्याकडे पाठवला होतास. 'बाबा, बघून सांगा, आपलं औषध चालेल ना?' म्हणून. त्यांनी आठवडाभराने तुला कळवलं, 'चालेल. तेच घालत जा.' मी जे तेल तपासतेय ते त्याच कॅनमधलं आहे. त्यांच्या टेबलाखाली, पोत्याने झाकून ठेवलेला होता. त्यांनी ते तपासलं होतं आणि मी पाहिलं तेच पाहिलं होतं. नळी उलटी केली तरी तेल हललं नव्हतं.

मला हे दवाखान्यात कळलं, शेवटच्या आठवड्यात. आई घरी डबा आणायला गेली होती. बाबांनी मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "इंदू, ते औषध नव्या तेलाला चालत नाही. मार्चपासून करून बघतोय. जमत नाहीये. थंडीच्या आत करतो, घरी गेलो की करतो. सुबोधला बोलू नकोस." मी हो म्हणाले. त्या अवस्थेतल्या माणसाला कुणी नाही म्हणतं का? ते घरी आले नाहीत. त्यांनी तुला का सांगितलं नाही, तेही मला बोलले. ते मी लिहिणार नाही. तेवढं माझ्यापाशी राहू दे.

आता नदीवरचं ऐक. तू ओल्या धोतराने पुढे होऊन बोलत होतास, त्याच वेळी मी मागे आईचा हात धरून उभी होते आणि मनात बोलत होते. 'बाबा, मी सुबोधला सांगते. तुम्ही नको म्हणालात तरी सांगते. आता जा.' आणि कावळा उतरला. सगळे म्हणाले, सुबोधच्या शब्दाला उतरला. तू इतका सुटल्यासारखा रडलास की मी पुढे काही बोलूच शकले नाही. सुबोध, तो कुणाचं ऐकून उतरला? मला ठाऊक नाही, कुणालाच ठाऊक नसणार. पण तेव्हापासून मी तुला सांगितलेलं नाही, आणि तेव्हापासून ते लॅबमध्ये खोकतायत. अण्णांना ऐकू येत नाही, नव्या पोरींना येत नाही. मला येतं आणि गुरप्पाला येतं. गुरप्पाला वाटतं साहेब औषध बदललं म्हणून रागावलेत. मला वाटतं ते मी तोंड उघडायची वाट बघतायत.

अजून एक. नव्या औषधात बाबांचं काही आहे, असं तुला लिहावं, तुझं मन राहील, असं फार वाटलं. त्यात त्यांचं काही नाही. त्यांनी जे जे करून पाहिलं ते सगळं बाजूला ठेवून मी दुसऱ्याच वाटेने गेले तेव्हा ते साधलं. त्यांना जमलं नाही, मला जमलं. या वाक्याचा मला आनंद व्हायला हवा होता. ते गेल्यावर जमलं, त्यामुळे दाखवायला कुणी नाही.

पुढच्या सोमवारपर्यंत थांबते. मग मुख्य कार्यालयाचं पत्र जाईल. तू बदनाम झालास तरी चालेल, मला तू हातीपायी धड हवा आहेस.

ताई


जुळे सोलापूर, १५ जानेवारी

सुबोध,

सोमवारची वेळ आलीच नाही. शनिवारी सकाळी अण्णा लॅबमध्ये आले, हातात तुमच्या स्टेशनची मागणी. नवं औषध, जेवढं आहे तेवढं, तातडीने. खाली तुझी सही. सोबत शब्द नाही, पण सही नेहमीसारखी घाईची नव्हती, प्रत्येक अक्षर सुटं काढलेलं. गाडी त्याच दुपारी सुटली. ड्रम उबेतून काढताना गुरप्पाने प्रत्येकाला हात लावून हात कपाळाला लावला. "दादा व्हय म्हणले न्हवं, मग सायबांचं बी काय म्हणणं न्हाय," म्हणाला.

मुख्य कार्यालयाचं पत्र मी पुसून टाकलं.

इकडे गड्ड्याची जत्रा सुरू आहे. काल आईला होम मैदानावर घेऊन गेले होते. तिने तुझ्यासाठी खाजा घेतला आहे, मी म्हटलं तोवर दगड होईल, तर म्हणाली त्याचे दात चांगले आहेत.

तुला पत्र टाकलं त्या दिवसापासून लॅबमध्ये काही ऐकू आलेलं नाही. वासही नाही. सुटले असं वाटायला हवं होतं मला. पहिले दोन दिवस वाटलंही. परवा मी एकटी असताना मुद्दाम त्या दोन नळ्या पुन्हा लावल्या. आडव्या केल्या, उलट्या केल्या, मागे लक्ष ठेवून. काही नाही. नुसता हौदाच्या मोटरचा आवाज. मग मीच एकदा घसा साफ करून पाहिला, कसा येतो आवाज ते. तुला खोटं वाटेल, पण मला रडू आलं.

आईने पंखा चालूच ठेवलाय.

एक फोन कर. शिव्या दे हवं तर.

ताई


जुळे सोलापूर, २ फेब्रुवारी

सुबोध,

काल तू फोन केलास आणि मला धड बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा लिहितेय.

तू सांगितलंस ते मी मनात पुन्हा पुन्हा ऐकतेय. ट्रान्सफॉर्मर जळाला, पंप आणि हीटर एकदमच गेले, अख्खी रात्र लाइन उभी, बाहेर हात बधिर करणारी थंडी. सकाळी वीज आली तेव्हा तू सगळ्यांना कुंपणाबाहेर काढलंस आणि स्वतः व्हॉल्व्हपाशी थांबलास. (थांबलासच.) आणि दाब चढायला लागल्याबरोबर पाइपात गुडगुड झाली आणि तेल निघालं. "सुरू झाली," एवढं बोललास. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर तू म्हणालास, "ताई, तू कावळ्याला सांगितलंस. मला नाही सांगितलंस."

खरं आहे तुझं.

मग तू विचारलंस, "आणि बाबा? रोज मला चालेल, चालेल म्हणत राहिले. एवढा परका होतो का मी? मला घाबरत होते का?" आणि माझं काही ऐकायच्या आत फोन ठेवलास.

ते कारण मी माझ्यापाशी ठेवणार होते. पण तू असा प्रश्न विचारून वाळवंटात एकटा बसणार असशील तर ठेवून काय करू?

निवृत्तीनंतर बाबा रोज लॅबमध्ये येत होते, हे तुला माहीत आहे. तिथे त्यांना कुणी काही विचारत नव्हतं, हे माहीत नसेल. नव्या पोरी नमस्कार करायच्या आणि आपल्या मशीनकडे वळायच्या. मी कामात. अण्णा चहा पाठवायचे. तू मात्र रोज सकाळी स्टेशनवरून फोन करायचास, 'बाबा, आज किती घालू?' तो फोन यायच्या आधी ते दाढी करून, चष्मा पुसून टेबलाशी बसलेले असायचे. तिकडचं तापमान विचारायचे, तेल किती ते विचारायचे, कागदावर गुणाकार करायचे आणि आकडा सांगायचे. तू फोन ठेवल्यावरही थोडा वेळ तो हातातच धरून बसायचे. मी रोज शेजारी चहा ठेवायचे, तो गार व्हायचा. हेवा वाटायचा मला तुझा, आता सांगायला हरकत नाही.

दवाखान्यात मी त्यांना हेच विचारलं, तू विचारलंस तेच. "बाबा, त्याने कॅन पाठवला तेव्हाच खरं का नाही सांगितलंत?"

म्हणाले, "औषध चालत नाही म्हटलं असतं तर त्याने दुसऱ्या कुणाचं घेतलं असतं. घ्यायलाच हवं होतं. मग सकाळी मला फोन कशाला करेल तो?"

"असं काय बोलता? मुलगा आहे तुमचा. उगाच नाही का करणार फोन?"

त्यांनी मास्क नाकावर ओढून घेतला, आणि आतूनच म्हणाले, "उगाच कधी केलाय का त्याने?"

सुबोध, डोसचा तक्ता तुझ्या टेबलावरच्या काचेखाली लावलेला आहे. रोजचं तापमान, रोजचं प्रमाण, सगळं छापलेलं. बाबा असताना मी तिकडे आले होते तेव्हाच पाहिलाय. त्यांना ते माहीत नव्हतं.

तुझी ताई